एकदाच घडलेले स्नान

माळ घातल्यानंतर चंद्रभागेत पहिली बुडी मारली, त्याला यंदाच्या आषाढीस ४१ वर्षे झाली. मधली दोन-तीन वर्षे सोडली तर वारी चुकली नाही. दरवर्षी पाण्यात उतरताना मी एकच गोष्ट मनात धरतो आणि दरवर्षी डोके वर काढले की ती गोष्ट जिथल्या तिथे असते. अंग ओले होते, मन हलके होते, पुंडलिकाचे दर्शन होते. पण ती गोष्ट काही वाहून जात नाही.

सज्जनहो, ती गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे सारे बोलणे पोकळ होईल. वडील वारले तेव्हा विहिरीखालची तीन एकर जमीन होती. मला एकच थोरली बहीण, आक्का. तिला मी तालुक्याला नेले आणि म्हणालो, "आक्का, वारसाचे कागद आहेत, तुझी सही लागते." ते हक्कसोडपत्र होते. वारसाचेच कागद, म्हणजे मी धडधडीत खोटे बोललो नव्हतो. अर्धे बोललो होतो. तिने न वाचता सही केली, कारण सांगणारा भाऊ होता. तेव्हा तिचे घर चांगले चालले होते. पुढे दाजी गेले आणि आक्का दुसऱ्याच्या रानात कांदा लावायला जाऊ लागली. या इतक्या वर्षांत तिने एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर मी भांडलो असतो आणि भांडणात माणसाला स्वतःची बाजू सापडते. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

आता प्रश्न असा की, नामाने पापाच्या राशी जळतात हे मी वीस वर्षे प्रवचनात सांगत आलो. गवताच्या गंजीला ठिणगी लागली की काय होते हे शेतकऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. ऐकणाऱ्यांचे चेहरे उजळलेले मी पाहिले आहेत. मग माझेच का अडले? फार दिवसांनी उमगले की माझ्या विश्वासात एक फट आहे. पाप नामाने जळते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझे पाप जळले, यावर नाही. पहिला विश्वास ग्रंथातून मिळतो. दुसरा कुठून आणायचा?

या फटीकडे माझे लक्ष वेधले ते एका ख्रिस्ती मित्राने, म्हणून हा लेख. शाळेत आम्ही दोघे तीस वर्षे शेजारच्या खुर्चीत बसलो. मी त्यांना सर म्हणतो, ते मला बुवा म्हणतात. ते नगरकडचे. त्या भागात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे आणि तिथल्या उपासनेत टाळ-पेटीवर अभंगाच्या चालीची भजने म्हटली जातात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सरांच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. त्यांनी बोलावले, मी गेलो. काही वाचकांना शंका येईल म्हणून आधीच सांगतो, हा लेख धर्मांतराविषयी नाही. माझी माळ माझ्या गळ्यात आहे.

विधी अगदी साधा. दगडी कुंडात पाणी. पाळकांनी आईवडिलांना काही प्रश्न विचारले, जमलेली मंडळीही उभी राहिली आणि या लेकराला सांभाळू म्हणाली. मग पाळकांनी बाळाला हातावर घेतले, त्याचे नाव उच्चारले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा त्याच्या डोक्यावर पाणी घातले. बाळ रडले. झाले. कॅथलिक बांधव याला स्नानसंस्कार म्हणतात. काही पंथांत लहान मुलांना तो देतच नाहीत, जाणत्या वयात सगळे अंग बुडवूनच देतात. त्या वादात मी शिरत नाही. तीन महिन्यांच्या लेकराच्या माथी कोणते पाप असते, हे मला त्या दिवशीही पटले नाही आणि आजही पटत नाही. सरांना तसे बोललोही. ते हसले आणि म्हणाले, "बुवा, ते राहू द्या. तुम्हाला एक सांगू? माझा बाप्तिस्मा असाच झाला. मला त्यातले काही आठवत नाही. आईने सांगितले म्हणून ठाऊक. पण आयुष्यात दोनदा असे दिवस आले की मला माझे तोंड पाहवत नव्हते. प्रार्थना सुचत नव्हती. पश्चात्ताप खरा की नाटक, हेही कळत नव्हते. तेव्हा मी एवढेच म्हणालो, काही असो, माझा बाप्तिस्मा झाला आहे."

"पण आठवत नाही म्हणता," मी म्हणालो.

"त्याचाच तर आधार आहे. मला आठवत नाही, म्हणजे त्यात माझे काही नव्हते."

हे उत्तर घेऊन मी घरी आलो. पुढचे वर्षभर त्यांनी दिलेली आणि मी मिळवलेली पुस्तके वाचत राहिलो.

ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्मा आणि पापक्षमा यांची जोडी अगदी मुळापासून आहे. योहान हा यार्देन नदीत लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत असे आणि स्वतः येशूही पापी जनांच्या रांगेत उभे राहून त्याच्याकडून तो घेऊन गेले. पुढे पेत्राचे पहिले प्रवचन ऐकून ज्यांच्या काळजाला घरे पडली, त्यांनी आता आम्ही काय करावे असे विचारले. त्यांना पेत्राने दोनच गोष्टी सांगितल्या: पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. इ.स. ३८१ च्या सुमाराचा जो विश्वासाचा अंगीकार बहुतेक मंडळ्या आजही म्हणतात, त्यातही पापक्षमेसाठी असलेला बाप्तिस्मा एकच, असा उल्लेख आहे. एकच. हा शब्द वाचून मी थबकलो. आपण तर दरवर्षी बुडी मारतो, पर्वणीला मारतो, ग्रहणाला मारतो. यांचे एका वेळेत कसे भागते?

याचे उत्तर मला सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथरपाशी सापडले. आपल्याकडे त्याची ओळख पोपविरुद्ध उभा राहिलेला बंडखोर एवढीच. पण त्याच्या बंडाच्या आधी एक रोग होता आणि तो रोग मला फार ओळखीचा वाटला. १५०५ साली एरफुर्ट येथील मठात जाऊन तो संन्यासी झाला. उपास, जागरणे, थंडीत उघड्या अंगाने निजणे, सारे केले. पापाचा कबुलीजबाब द्यायला तो तासन् तास बसे. उठून जाई आणि एखादे विसरलेले पाप आठवून परत येई. त्याचे गुरू श्टाउपित्स यांनाही ते नकोसे होई. त्याची भीती अशी की, सगळी पापे आठवली नाहीत तर सगळी माफ कशी होणार? आणि पश्चात्तापात कणभर स्वार्थ मिसळला असेल तर तो पश्चात्ताप धरला जाईल का? जो माणूस आपल्या पश्चात्तापाच्या बळावर क्षमा मागतो, त्याला पश्चात्ताप रोज तराजूत घालावा लागतो, आणि तराजू आपल्याच हातात असल्यामुळे तो कधी स्थिर राहत नाही.

१५२९ साली या ल्यूथरने घरोघरी शिकवण्यासाठी एक लहान प्रश्नोत्तरी आणि पाळकांसाठी एक मोठी प्रश्नोत्तरी लिहिली. त्यात त्याने विचारले आहे, पाणी एवढे मोठे काम कसे करील? उत्तराचा मथितार्थ असा की, पाणी नाहीच करीत. पाण्यासोबत देवाचे जे वचन आहे ते करते, आणि त्या वचनाला धरून बसणारा विश्वास करतो. वचन नसेल तर ते नुसते पाणी, आपण स्वयंपाकाला घेतो तसले. मग पाणी हवेच कशाला? तर माणसाला देह आहे म्हणून. नुसता शब्द हवेत विरतो. तो मला उद्देशून होता की शेजाऱ्याला, याची खात्री राहत नाही. पण पाणी माझ्या डोक्यावर पडले, माझे नाव घेऊन पडले. सगळ्या जगासाठी असलेली क्षमा इथे एका माणसाच्या अंगावर ओतली जाते. १५६३ च्या हायडेलबर्ग येथील प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याला खूण आणि मुद्रा अशा अर्थाचे शब्द आहेत. पाण्याने अंगावरचा मळ जातो याची जितकी खात्री तुला आहे, तितकीच खात्री आत्म्यावरचा मळ गेल्याची धर, असे तिचे शिकवणे. दस्तावर मुद्रा उमटली की व्यवहार पक्का होतो, तसे. दस्त या शब्दाशी मी जरा घुटमळलो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

म्हणजे माझ्या फटीला त्यांनी हे उत्तर शोधले होते. पाप माफ होते हे ग्रंथ सांगतो. माझे झाले हे कोण सांगेल? पाणी सांगते. आणि ते पाणी मी माझ्या हाताने घेतलेले नाही. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. बाप्तिस्मा कुणी स्वतःचा स्वतः घेऊ शकत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. चंद्रभागेत मी मीच उतरतो, बुडी मारणारा मीच आणि बुडी लागली की नाही हे तपासणारा न्यायाधीशही मीच. तीर्थात वरवर अंग धुतल्याने आत काही पालटत नाही असे तुकोबारायांनी बजावून ठेवले आहे; पण मी ते नेहमी इतरांना लावले, भोंदू लोकांना. आपल्या बुडीतही आपलाच अहंकार ओला होऊन वर येतो, हे ध्यानात आले नव्हते.

ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनात एक प्रसंग आहे, तो सांगतो. हा संत उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियातला. तरुणपणी तो ख्रिस्ती श्रद्धेची थट्टा करीत असे. त्याच्या गावी त्याचा एक जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला. मरतो असे वाटले म्हणून घरच्यांनी तशाच अवस्थेत त्याला बाप्तिस्मा देवविला. मित्र शुद्धीवर आला. ऑगस्टीन खाटेपाशी बसून चेष्टा करू लागला की, बघ, तुला काही कळत नसताना हे लोक काय करून बसले! त्याला वाटले तोही हसेल. पण मित्राने त्याच्याकडे शत्रूकडे पाहावे तसे पाहिले आणि मैत्री टिकवायची असेल तर असले बोलू नकोस असे सुनावले. थोड्याच दिवसांत ताप उलटला आणि तो गेला. ऑगस्टीन त्या वेळी जवळही नव्हता. पुढे इ.स. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री मिलान शहरात बिशप अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीनने स्वतः बाप्तिस्मा घेतला. सोबत त्याचा किशोरवयीन मुलगा होता. त्यानंतर मागल्या आयुष्याची काळजी आपल्यापासून पळून गेली, असे त्याने नमूद केले आहे. मला मात्र त्या बेशुद्ध मित्राचे अधिक नवल वाटते. ज्या कृतीत त्याचा काडीचा वाटा नव्हता, तीच त्याने उठल्यावर आपली म्हणून धरली.

आता इथे आक्षेप येतो, आणि तो आपल्यालाही परका नाही. एकदा क्षमेची मुद्रा उमटली की पुढे रान मोकळे? आपल्याकडे नामाच्या बळावर पाप करणे हा नामापराध मानला आहे, आणि तो दहा अपराधांतला मोठा. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न घेतला आहे: कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहायचे काय? गंमत अशी की त्याचे उत्तर देताना तो बाप्तिस्म्याकडेच वळतो. पाण्याखाली जाणे म्हणजे मरणे, पुरले जाणे. वर येणे म्हणजे दुसऱ्या जीवनात उठणे. मेलेला माणूस जुन्या धन्याची चाकरी कशी करील? तेव्हा हे स्नान मळ काढण्यापुरते नाही, त्यात मळणाराच बुडवायचा आहे. ल्यूथर तर म्हणतो की हा जुना मनुष्य रोज बुडवावा लागतो. स्नान एकदाच, बुडणे रोजचे.

काही जुन्या लोकांनी वेगळाच हिशेब केला होता. बाप्तिस्म्याने आधीची सारी पापे जातात, मग तो लवकर कशाला घ्या? शेवटी घेऊ, म्हणजे सगळा हिशेब एकदम चुकता. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ.स. ३३७ मध्ये मरण जवळ आल्यावर बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीनच्याही लहानपणी तो आजारी पडला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली होती. बरा वाटू लागल्यावर ती पुढे ढकलली, का तर पुढे वयात आल्यावर घाण लागणारच आहे. हे वाचून मला हसू आले. साबणाची एकच वडी आहे, जपून वापरा, अशातली ती गत. मग हसू मावळले. माझे काय होते? मी दरवर्षी नवी वडी आणीत होतो, एवढाच फरक. वडीवर भिस्त दोघांचीही.

तारू फुटल्याच्या दृष्टान्तावरून ल्यूथरचा जुन्या आचार्यांशी मतभेद आहे, तो वारकऱ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. जेरोम म्हणून एक मोठे पंडित होऊन गेले. त्यांच्या मते बाप्तिस्मा हे तारू. त्यानंतर पाप घडले की तारू फुटले, आणि मग पश्चात्ताप ही हाती लागलेली फळी, तिच्या आधाराने पोहत सुटायचे. ल्यूथरला हे मान्य नाही. तो म्हणतो, तारू फुटतच नाही, कारण ते देवाचे आहे. आपण त्यातून खाली पडतो. पडलो तर पोहत परत त्याच तारवाशी यावे आणि चढावे. पश्चात्ताप म्हणजे दुसरे काही नाही, बाप्तिस्म्याकडे परत येणे. हे वाचताना मला ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय आठवला. अत्यंत दुराचारीही माझ्या भजनी लागला तर तो साधूच समजावा, या भगवंताच्या बोलावर माऊलींनी पुरात सापडलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. तो जिवंत काठाला लागला, तर त्याच्या बुडण्याची किंमत काय उरली? आणि लगेच पुढे माऊली अनुतापालाच तीर्थ म्हणतात, त्या तीर्थात न्हालेला माझ्यात येतो असे देवाच्या तोंडी घालतात. हे मी शंभरदा वाचले असेल. माऊलींचे पाणी बाहेर नाही, ते आत आहे. ल्यूथरचे पाणी बाहेरचे आहे आणि म्हणून आतल्या चंचलपणापासून सुरक्षित आहे. दोन्ही एक आहेत असे मी म्हणणार नाही. पण ज्याचा अनुतापच संशयाने पोखरलेला आहे, त्याला बाहेरची एखादी गाठ लागते, एवढे मी अनुभवाने म्हणतो.

सरांनी एकदा विचारले, "बुवा, तुमच्याकडे असे काही नाही का, जे दुसऱ्याने तुमच्या अंगावर घातले?" मी नाही म्हणणार होतो आणि हात आपोआप गळ्याशी गेला. माझी माळ आळंदीला ज्ञानेश्वरीवर ठेवून, वैकुंठवासी महाराजांनी आपल्या हातांनी माझ्या गळ्यात घातली होती. इतकी वर्षे मी तिला माझा नेम समजत होतो. मी वारी करीन, मी एकादशी करीन, मी परस्त्री मातेसमान मानीन. नेम तो आहेच. पण घालणारा हात माझा नव्हता, हे मी पार विसरलो होतो. अर्थात माळ आणि बाप्तिस्मा यांत अंतर आहे. माळ तुटते, आपण ओवून पुन्हा घालतो. त्यांच्याकडे पुन्हा घालणे नाही.

एवढ्याने शंका संपते असे मात्र समजू नये. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतः मोकळेपणाने सांगितले. एवढी विदुषी बाई, अनाथ बायामुलींसाठी केडगावला मुक्तिसदन उभारणारी, तिने हे लपवले नाही. पाणी पडले त्या क्षणी अंतःकरण निवते असा काही कायदा नाही. बाप्तिस्म्याचे कैवारी यावर म्हणतील की, वचन आधी दिले होते, घेणारा हात नंतर पुढे आला. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यामुळे घर कसे दुभंगले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावे. तरीही अखेरच्या काळात त्यांनी जो 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही जागा होती. ज्याने या संस्काराची एवढी किंमत मोजली, त्याने तो भिंत म्हणून वापरला नाही.

आता शेवटची अडचण, आणि माझ्या दृष्टीने ती खरी अडचण. देवाने क्षमा केली, मान्य. पण जमीन देवाची नव्हती, आक्काची होती. देव तिच्या वतीने माफ करणारा कोण? सरांना मी हे नाव-गाव न घेता विचारले. (त्यांनी ओळखले असावे, ते बोलले नाहीत.) त्यांनी मला लूककृत शुभवर्तमानातली जक्कयाची गोष्ट काढून दिली. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून गबर झालेला. बुटका होता म्हणून येशूंना पाहायला झाडावर चढला. येशूंनी वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणाले. मग जक्कय उठून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. "क्रम पाहा," सर म्हणाले. "आधी परत कर, मग तुझ्या घरी येतो, असे नाही. आधी घरी आले."

माझा क्रम नेमका उलटा होता. आधी आक्काचे सारे नीट करीन, मग देवापुढे तोंड दाखवायला लायक होईन. आणि नीट करायचे म्हणजे आधी कबूल करायचे. कबूल केले की मी कोण ते उघडे पडणार. त्या भीतीने पाय निघत नव्हता. म्हणून ना आक्का, ना देव. मधल्या मध्ये वारी. क्षमा झाली आहे असा भरवसा असता तर कबुलीची एवढी भीती वाटली नसती, कारण सत्य बाहेर आल्यावर माझे असे काय जाणार होते?

रामेश्वरभटांची कथा आपल्याला परंपरेने ठाऊक आहे. त्यांनी तुकोबारायांना वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. पुढे एका फकिराच्या विहिरीत त्यांनी स्नान केले आणि सर्वांगाचा दाह सुरू झाला. ओली वस्त्रे लपेटून ते आळंदीला पडून राहिले, पण पाण्याने दाह शमेना. तो शमला तुकोबांनी पाठवलेल्या अभंगाने, म्हणजे ज्याचा अपराध केला होता त्याच्याच शब्दाने. ही कथा मी कीर्तनात नेहमी तुकोबांचा मोठेपणा म्हणून सांगत असे. रामेश्वरभटांनी त्यासाठी आपला शिष्य देहूला धाडला, हा भाग घाईने सांगून पुढे जात असे.

कार्तिकी झाली आणि मी आक्काकडे गेलो. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसून सगळे सांगितले, कागद कशाचा होता, मी काय म्हणालो होतो, काय म्हणायला हवे होते. तिचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला ठावं व्हतं रे. आता कशाला काढतोस?" माफ केले असे ती म्हणाली नाही आणि मीही तिच्याकडून वदवून घेतले नाही. उठताना मी तिच्या पाया पडलो. दिंडीत आपण अनोळखी माणसाच्याही पाया पडतो. बहिणीच्या पडायला मला इतकी वर्षे लागली.

घरी येऊन मुलाला सांगितले तेव्हा त्याने दोन दिवस अबोला धरला. त्याचेही चुकले असे म्हणत नाही. त्याने त्या रानात ठिबक टाकले आहे. आता दीड एकर आक्काच्या नावे बक्षीसपत्राने करायचे ठरले आहे, पाण्याच्या पाळीसह. मोजणीचा अर्ज दिला आहे. तारीख पौषात लागेल असे भूमापकाने सांगितले.